टाकीतला कर कुणाच्या तिजोरीत?

विमानाच्या इंधनावर मागे या सदरात लिहिलं, तेव्हा भाड्यात इंधनाचा वाटा किती यावरच लोक विचारतील असं वाटलं होतं. पत्रं आली ती जवळजवळ सगळी कराची. इंधनावर कर असतो का, असला तर तो कुठे जातो, विमानतळावर जमलेला पैसा विमानतळावरच खर्च होतो का, असे प्रश्न. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. माझी सारी नोकरी विमानतळाच्या हिशेब विभागात गेली, त्यामुळे उत्तरांना जमाखर्चाच्या वहीचा वास येईल. तो सहन करावा.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय करारामुळे विमानाच्या इंधनावर कर लावताच येत नाही, असं एका चर्चेत ऐकलं. मग आपण ज्या कराबद्दल वाचतो तो कुठला?

ही समजूत इतकी पसरली आहे की विमान कंपन्यांतली माणसंही ती ठामपणे सांगतात. तिच्या मुळाशी आहे 7 डिसेंबर 1944 रोजी शिकागोत सही झालेला नागरी विमान वाहतुकीचा करार. त्याच्या 24व्या कलमात एवढंच म्हटलं आहे की परदेशातून आलेल्या विमानाच्या टाकीत जे इंधन शिल्लक आहे आणि जे घेऊनच ते पुढे जाणार आहे, त्यावर जकात किंवा तत्सम शुल्क घेऊ नये. पाहुणा स्वतःची शिदोरी घेऊन आला आणि घेऊन गेला, तर तिच्यावर कर नको. त्याने इथल्या दुकानातून काही विकत घेतलं तर काय, यावर कलम गप्प आहे.

नव्याने भरलेल्या इंधनाला सूट मिळते ती दोन देशांनी आपसात केलेल्या हवाई सेवा करारांमुळे. असे करार जगभरात हजारोंनी आहेत आणि बहुतेकांत एकमेकांच्या विमानांना इंधनावर कर न लावण्याचं कलम असतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, हिचं धोरणही त्याच बाजूचं आहे. एका देशाने एकट्याने हे मोडायचं म्हटलं तर त्याला डझनावारी करार पुन्हा उघडावे लागतील, म्हणून कुणी त्या वाटेला जात नाही.

देशांतर्गत उड्डाणांना मात्र यातलं काहीच आडवं येत नाही. अमेरिका, जपान, भारत आणि स्वित्झर्लंडमध्ये असा कर आहे. युरोपीय संघाच्या 2003 च्या ऊर्जा कर निर्देशाने व्यापारी विमानांच्या इंधनाला सूट दिली, पण देशांतर्गत उड्डाणांवर कर लावायची मुभा सदस्य देशांना ठेवली. जुलै 2021 मध्ये संघातल्या संघात होणाऱ्या उड्डाणांच्या इंधनावरही कर आणायचा प्रस्ताव आला. करविषयक निर्णयाला तिथे सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं. सत्तावीस जणांचं एकमत म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

प्रश्न : कर लिटरवर असतो की किमतीवर? आणि एकाच विमानतळावर एका विमानाला कर लागतो, दुसऱ्याला नाही, हे ओळखतात कसं?

हे एकदा धावपट्टीशेजारी उभं राहून पाहण्यासारखं आहे. इंधन भरणारा माणूस पंखाखाली नळी जोडतो. भरणा चालू असताना काचेच्या बरणीत थोडं इंधन काढून उजेडात धरतो. ते स्वच्छ आणि पाण्यासारखं नितळ दिसलं पाहिजे. मग पाणी ओळखणारी रसायनाची चकती लावून तपासतो; रंग बदलला तर भरणा तिथेच थांबतो. हे इंधन म्हणजे नीट गाळलेलं रॉकेलच, असं म्हटलं तर तज्ज्ञ नाक मुरडतील, पण फार चूक नाही. मीटरवर आकडा येतो लिटरमध्ये. वैमानिकाला हवा असतो किलोत, कारण विमानाला वजनाशी मतलब. म्हणून पावतीवर घनता लिहितात. ती 0.8 च्या आसपास असते; गरम दिवशी थोडी कमी, थंड दिवशी थोडी जास्त.

त्याच पावतीवर उड्डाणाचा क्रमांक असतो आणि कराचा निकाल तिथे लागतो. परदेशी जाणाऱ्या विमानाला आणि शेजारी उभ्या देशांतर्गत विमानाला एकाच भूमिगत पाइपातून, एकाच नळीतून तेच इंधन मिळतं. फरक फक्त कागदात. परदेशातून आलेलं विमान पुढच्या फेरीला देशातच उडणार असेल, तर टाकीत उरलेल्या इंधनाचाही हिशेब मागितला जाऊ शकतो, कारण शिदोरीचं कलम आता लागू होत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त पत्रापत्री याच शिल्लक किलोंवरून व्हायची.

आता लिटर की किंमत? दोन्ही पद्धती आहेत. अमेरिकेत संघराज्याचा कर गॅलनमागे ठरावीक सेंट असतो, त्यामुळे तेल महागलं तरी कर तेवढाच. भारतात अबकारी आणि व्हॅट दोन्ही टक्क्यांत आहेत. तेल महागलं की न मागता सरकारचं उत्पन्न वाढतं, आणि नेमकं त्याच वेळी विमान कंपनीचं कंबरडं मोडतं. मला विचाराल तर ठरावीक रकमेचा कर बरा. त्यात निदान एक रडत असताना दुसऱ्याची तिजोरी भरत नाही.

प्रश्न : तिकिटावर ‘कर व शुल्क’ असं एकत्र लिहितात. दोन्ही सारखंच ना?

नाही, आणि या सदरातली पुढची सगळी उत्तरं याच फरकावर उभी आहेत. इकाओची व्याख्या सोपी आहे. शुल्क म्हणजे विमान वाहतुकीसाठी दिलेल्या सोयीचा खर्च भरून काढायला घेतलेला पैसा: धावपट्टी, टर्मिनल, हवाई नियंत्रण. कर म्हणजे सरकारच्या उत्पन्नासाठी घेतलेला पैसा, जो साधारणपणे विमान वाहतुकीबाहेर खर्च होतो. शुल्क खर्चाशी जुळलं पाहिजे. करावर तसं बंधन नाही.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे 1 नोव्हेंबर 1994 पासून विमान प्रवाशांवर एक कर आहे. तो थेट देशाच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. त्यातून दवाखाना चालेल, तुरुंग चालेल. विमानतळाला त्यातला पैसा मिळालाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. प्रवासी मात्र हमखास म्हणतो, ‘एवढा कर भरतो आणि रांग बघा!’ रांगेसाठीचा पैसा वेगळ्या ओळीत आहे हो.

प्रश्न : मग विमानतळावर भरलेल्या इंधनाचा कर त्या विमानतळावरच खर्च व्हावा, असा नियम कुठे आहे का?

आहे, अमेरिकेत. आणि तो इतका कडक आहे की त्याने शाळांचे पैसे अडवले. जरा सविस्तर सांगतो.

तिथे 1970 मध्ये विमानतळ आणि हवाई मार्गांसाठी स्वतंत्र निधी काढला गेला. देशांतर्गत तिकिटावर 7.5 टक्के, मालवाहतुकीवर 6.25 टक्के, व्यापारी विमानांच्या इंधनावर गॅलनमागे 4.3 सेंट, असे संघराज्याचे कर त्यात जमा होतात. त्यातून विमानतळांना बांधकामासाठी अनुदानं मिळतात, रडार आणि नियंत्रण यंत्रणा उभी राहते आणि संघीय विमान प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, रोजच्या खर्चाचा मोठा भाग भागतो. गंमत म्हणजे हे 4.3 सेंट 1993 मध्ये देशाची तूट कमी करायला लावले होते आणि सर्वसाधारण तिजोरीत जात होते. 1997 च्या कायद्याने ते या निधीकडे वळवले. म्हणजे तोच कर, तेवढाच दर, भरणारा तोच. बदललं ते फक्त खातं.

खरी भानगड राज्यांच्या आणि स्थानिक करांची. 1982 च्या कायद्याने अनुदान घेणाऱ्या विमानतळांना अट घातली की विमानतळाचं उत्पन्न विमानतळासाठीच वापरायचं. शहरं हुशार. विमानतळाच्या खात्याला हात लावता येत नाही ना, मग तिथे विकल्या जाणाऱ्या इंधनावर कर लावू, तो काही विमानतळाचं उत्पन्न नव्हे! ही पळवाट बुजवायला 1987 मध्ये कायदा सुधारला: विमान इंधनावरचा राज्याचा किंवा स्थानिक करही विमानतळावर नाहीतर राज्याच्या विमान वाहतूक कार्यक्रमावरच खर्च करायचा. गोंगाट कमी करण्याची कामंही चालतात, मग ती कुंपणाच्या आत असोत की बाहेर. 30 डिसेंबर 1987 रोजी लागू असलेल्या जुन्या करांना मात्र सूट मिळाली. 1996 मध्ये हेच बंधन आणखी पक्कं केलं.

तरीही अनेक राज्यं निवांत होती. त्यांचं म्हणणं, आमचा कर काही विमान इंधनावरचा खास कर नाही. सगळ्या मालावर विक्रीकर आहे, त्यात इंधनही आलं. नोव्हेंबर 2014 मध्ये एफएएने लेखी स्पष्ट केलं की सर्वसाधारण विक्रीकर असला तरी त्यातला विमान इंधनापुरता भाग या नियमाखाली येतो. आधी कृती आराखडे द्या, आणि 8 डिसेंबर 2017 पर्यंत सगळं जुळवून घ्या. तोवर राज्यांच्या विक्रीकर खात्यांना आपल्याकडे विमान इंधनाचा कर नक्की किती जमतो हेही वेगळं काढता येत नव्हतं. एकाच रकान्यात साबण, टायर आणि जेट इंधन. आधी विवरणपत्रंच बदलावी लागली.

प्रश्न : शाळांचे पैसे अडवले म्हणजे नक्की काय झालं?

अटलांटाचा विमानतळ प्रवासीसंख्येत जगात पहिल्या क्रमांकावर राहत आला आहे. मालकी अटलांटा शहराची, पण जमीन बरीचशी शेजारच्या क्लेटन काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या वेगळ्या स्थानिक प्रशासनाच्या हद्दीत. त्यामुळे तिथे विकलेल्या इंधनाचा स्थानिक विक्रीकर क्लेटन काउंटीला आणि तिच्या शाळांना मिळायचा. ती काही श्रीमंत वस्ती नव्हे. 2014 च्या स्पष्टीकरणानंतर हा पैसा शाळांकडे वळवणं अशक्य झालं. काउंटी आणि शाळांचं मंडळ कोर्टात गेलं. 2018 मध्ये अपील कोर्टाने, एफएएच्या ज्या पत्राविरुद्ध तुम्ही आलात तो अंतिम आदेशच नाही, म्हणून मूळ वादात न शिरताच प्रकरण फेटाळलं.

माझं मत विचारलं आहे तर सांगतो. नियमामागची भीती खरी आहे. विमानतळ हे शहराच्या हद्दीतलं दुभतं जनावर. प्रवासी बाहेरगावचे, मतदार नव्हेत. त्यांच्याकडून पैसा काढणं नगरसेवकाला फार सोपं. बंधन नसेल तर धावपट्टीच्या डांबराचे पैसे कशातही जातील. पण क्लेटनच्या डोक्यावरून दिवसाला हजारो विमानं जातात. त्या आवाजात बसून शिकणाऱ्या मुलांच्या शाळेला त्याच विमानांच्या इंधनातून दोन पैसे मिळाले तर तो पैसा पळवला असं मला म्हणवत नाही. नियमात वर्गाच्या खिडक्यांना आवाजरोधक काचा बसवायला जागा आहे. त्याच वर्गातल्या शिक्षकाच्या पगाराला नाही. हिशेबाच्या वहीत हा फरक बरोबर आहे. वहीबाहेर मला तो अजून पटलेला नाही.

प्रश्न : तुम्ही जमाखर्च बघत होता. पैसा वळवण्याचे प्रकार प्रत्यक्षात कसे दिसतात? कुणी पेटी तर उचलून नेत नाही!

पेटी कुणीच उचलत नाही. वळवलेला पैसा नेहमी बिलाच्या रूपात येतो. अमेरिकेच्या 1999 च्या धोरणात त्याचे नमुने दिलेले आहेत: विमानतळाची जमीन बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात शहराच्या दुसऱ्या खात्याला देणं, पोलीस किंवा कायदा विभागाचा खर्च प्रमाणाबाहेर विमानतळाच्या माथी मारणं, विमानतळाशी संबंध नसलेल्या जाहिरातीला विमानतळाचा पैसा लावणं.

एकदा माझ्या टेबलावर एका स्थानिक संस्थेचं बिल आलं. विमानतळाच्या पोहोच रस्त्याची वार्षिक देखभाल, लांबी चार किलोमीटर. शिक्का, सही, सगळं रीतसर. मी त्या रस्त्याने रोज येत होतो. मुख्य रस्त्यापासून टर्मिनलपर्यंत तो एक किलोमीटरही नव्हता. दुपारी गाडी काढली, मीटर शून्यावर केला आणि बिलासोबतच्या नकाशाप्रमाणे निघालो. नऊशे मीटरवर विमानतळ संपला. पुढचा रस्ता एका बाजारातून वळसा घालून, एका सभागृहापाशी थांबून, पलीकडच्या वस्तीत शिरत होता. विमानतळाकडे जायला तो कुणी वापरत असेल तर तो वाट चुकलेलाच असणार. दोन महिने पत्रं गेली आणि आली. शेवटी नऊशे मीटरचे पैसे दिले. ज्यांनी बिल पाठवलं त्यांनाही यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या मते विमानतळाकडे पैसा आहे आणि रस्ता खराब आहे, बाकी तपशील.

अमेरिकेतल्या व्यापारी विमानतळांना दरवर्षी असे व्यवहार दाखवणारे दोन तक्ते एफएएला भरून द्यावे लागतात: एक एकूण उत्पन्न-खर्चाचा, आणि दुसरा खास सरकारी संस्थांना विमानतळाने काय दिलं याचा. हा दुसरा तक्ता मला फार आवडतो. कुणालाही पाहता येतो आणि कुठे बोट ठेवायचं ते लगेच कळतं.

प्रश्न : विमानतळाच्या पैशातून शहराची रेल्वे बांधली तर चालेल का?

ती विमानतळाच्या प्रवाशांसाठी असेल तेवढीच. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाची एअरट्रेन डिसेंबर 2003 मध्ये सुरू झाली. तिला प्रवाशांकडून घेतल्या जाणाऱ्या सुविधा शुल्काचा मोठा आधार होता, आणि विमान कंपन्यांच्या संघटनेने त्याला कोर्टात आव्हानही दिलं होतं. ती रेल्वे टिकली, कारण ती विमानतळ आणि बाहेरच्या रेल्वे स्थानकांच्या मध्येच धावते. हे शुल्क 1990 च्या कायद्याने आलं. जास्तीत जास्त 3 डॉलर, 2000 मध्ये कमाल मर्यादा 4.50 डॉलर झाली, आणि ती अजून तिथेच आहे.

अपवादही आहेत. सॅन फ्रान्सिस्को विमानतळ आपल्या दुकानं-पार्किंगच्या उत्पन्नातले 15 टक्के शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत भरतो, कारण ती व्यवस्था 1982 च्या कायद्याआधीची आहे. जुन्याला हात लावायचा नाही, ही कायदे करणाऱ्यांची जुनी सवय.

प्रश्न : अमेरिका सोडून दुसऱ्या कुणी काही वेगळं केलंय का?

दोन देश सांगतो, दोन्हींचा मला हेवा वाटतो.

स्वित्झर्लंडमध्ये देशांतर्गत उड्डाणांच्या इंधनावरच्या कराचा एक तृतीयांश सर्वसाधारण तिजोरीत आणि दोन तृतीयांश चक्क मोटाररस्त्यांसाठी जात होता. म्हणजे विमानाने भरलेल्या करातून बोगदे! 29 नोव्हेंबर 2009 रोजी हा प्रश्न जनमतासाठी ठेवला. त्याच दिवशी मशिदींच्या मनोऱ्यांवरच्या बंदीचं गाजलेलं मतदान होतं, त्यामुळे इंधनाच्या कराकडे जगात कुणी ढुंकून पाहिलं नाही. सुमारे 65 टक्के मतदारांनी हो म्हटलं, आणि रस्त्यांकडे जाणारा हिस्सा राज्यघटनेत बदल करून विमान वाहतुकीकडे वळवला: निम्मा उड्डाण सुरक्षेला, उरलेल्यात पर्यावरण आणि घातपातापासूनचं संरक्षण. दुधाच्या डेऱ्या चालवणारे शेतकरी विमान इंधनाच्या लेखाशीर्षावर मतदान करतात, हे चित्रच मला सुखावतं.

जपानचा विमान इंधन कराचा कायदा 1972 चा. बराच काळ दर किलोलिटरमागे 26,000 येन होता, 2011 मध्ये तो 18,000 वर आणला. या कराचा मोठा हिस्सा विमानतळांच्या कामासाठी. पण 26,000 च्या काळात तेरापैकी दोन भाग, म्हणजे 4,000 येन, विमानतळाभोवतालच्या स्थानिक संस्थांना ठरलेले होते, आवाजाचा त्रास कमी करायला आणि विमानतळामुळे लागणाऱ्या सोयींसाठी. क्लेटन काउंटीच्या भांडणाचं उत्तर जपानने कायदा करतानाच लिहून ठेवलं होतं.

प्रश्न : भारतात विमान इंधन जीएसटीत का येत नाही?

कारण राज्यांना ते नको आहे. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमान इंधन बाहेर ठेवले गेले. त्यामुळे विमान इंधनावर केंद्राचा अबकारी कर, जो ऑक्टोबर 2018 मध्ये 14 वरून 11 टक्क्यांवर आला, आणि त्यावर राज्याचा व्हॅट. व्हॅटचे दर राज्याराज्यांत एका टक्क्यापासून तिसाच्या घरापर्यंत विखुरलेले. तिकिटावर जीएसटी भरावा लागतो, पण इंधनावर भरलेला कर त्यातून वजा करून मिळत नाही. विमान कंपन्यांचं खरं दुखणं दरापेक्षा हे आहे. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत विषय निघाला आणि राज्यांनी नकार दिला.

या कराला कुठल्याही विमानतळाशी बांधलेलं नाही. अबकारी केंद्राच्या तिजोरीत, व्हॅट राज्याच्या. विमानतळाचा खर्च निघतो तो वापर विकास शुल्कासारख्या वेगळ्या आकारांतून, आणि मोठ्या विमानतळांवर ते 2008 च्या कायद्याने आलेलं आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं. छोटी शहरं विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेत मात्र इंधनाचा कर हत्यार म्हणून वापरला: योजनेतल्या विमानतळांवर राज्यांनी व्हॅट एक टक्क्यावर आणायचा, केंद्राने अबकारी दोन टक्के घ्यायची. कर जमवून अनुदान वाटण्यापेक्षा कर सोडून देणं सरळ. मध्ये हात कमी लागतात.

प्रश्न : कर कमी केला की भाडं कमी होतं का?

याचा एक प्रयोग न ठरवता होऊन गेला. 23 जुलै 2011 रोजी अमेरिकेच्या संसदेत भांडण होऊन एफएएची मुदत संपली आणि तिकिटांवरचे कर वसूल करण्याचा अधिकारच गेला. दोन आठवडे कर नाही. तिकिटं तेवढी स्वस्त व्हायला हवी होती. बहुतेक कंपन्यांनी कराएवढी भाडी वाढवली आणि फरक खिशात घातला. थोड्यांनीच तो प्रवाशांना दिला. तिकडे एफएएचे सुमारे 4,000 कर्मचारी घरी बसले आणि विमानतळांची कामं अर्धी राहिली.

दोन आठवड्यांवरून कायमचा नियम काढू नये. स्पर्धा असलेल्या मार्गावर कालांतराने काही कपात खाली झिरपते. एकट्या कंपनीच्या मार्गावर झिरपेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : कर जास्त असलेल्या ठिकाणी विमानं इंधनच भरत नाहीत म्हणे?

भरतात, पण कमी. जिथे स्वस्त तिथे जास्तीचं भरून आणायचं, हा नेहमीचा प्रकार. पण जास्तीचं इंधन वाहायलाही इंधन लागतं. ढोबळ हिशेब असा की जास्तीच्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन दर तासाला जळतं. पाच टन जादा घेऊन दोन तास उडालात तर तीनशे ते चारशे किलो नुसतं ओझं वाहण्यात गेलं. दरातला फरक याहून मोठा असेल तर कंपनी ते खुशाल जाळते. युरोपीय संघाने म्हणून 2025 पासून नियम लावला की तिथल्या विमानतळावरून निघताना लागणाऱ्या वार्षिक इंधनापैकी निदान 90 टक्के तिथेच भरायचं.

प्रश्न : फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानालाही एवढाच कर?

जास्त, निदान अमेरिकेत. पिस्टन इंजिनाच्या पेट्रोलवर गॅलनमागे 19.3 सेंट, खासगी जेटच्या इंधनावर 21.8 सेंट. पाच हजार गॅलन भरले तर व्यापारी विमानाचे 215 डॉलर आणि खासगी जेटचे 1,090. अन्याय वाटेल, पण खासगी विमानात तिकीट नसतं, त्यामुळे तिकिटावरचे 7.5 टक्केही नसतात. नियंत्रण कक्षाला दोन्ही विमानांमागे काम सारखंच.

प्रश्न : माझ्या तिकिटावर ‘वायक्यू’ नावाने मोठी रक्कम आहे. हाच इंधनाचा कर का?

नाही. ‘वायक्यू’ आणि ‘वायआर’ ही विमान कंपनीने लावलेल्या अधिभाराची खाती आहेत; नाव इंधनाचं असलं तरी पैसा कंपनीचाच. सरकार आणि विमानतळाच्या ओळी वेगळ्या: ‘के3’ म्हणजे भारतातला जीएसटी, ‘जीबी’ म्हणजे ब्रिटनचा प्रवासी कर, ‘एक्सएफ’ म्हणजे अमेरिकेतलं ते 4.50 डॉलरवालं शुल्क. इंधनावरचा खरा कर तुम्हाला तिकिटावर कुठेच दिसणार नाही. तो पंखाखालच्या पावतीवर लागतो आणि मूळ भाड्यात विरघळून जातो. प्रवास रद्द केलात तर ‘जीबी’सारख्या ओळी परत मागा, न झालेल्या प्रवासाचे ते पैसे बहुतेक ठिकाणी परत मिळतात, अगदी परतावा नसलेल्या तिकिटावरही. ‘एक्सएफ’ला मात्र ही सवलत नाही; भाडं परत मिळत नसेल तर तेही मिळत नाही. ‘वायक्यू’ परत मिळेल की नाही हे भाड्याच्या अटींत, सगळ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.